आठ जिल्ह्यांची चूक: सतरा सप्टेंबरच्या आणि इतर प्रसंगांच्या भाषणांबद्दल

पोळा झाला, गणपती जवळ आले की मराठवाड्यातल्या शाळा-कॉलेजांत आणि ग्रामपंचायतींत एकच शोधाशोध सुरू होते: १७ सप्टेंबरचं, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं भाषण. मोबाइलवर तयार मजकूर सापडतो, तो वहीत उतरतो आणि सकाळी झेंड्याखाली एकाच गावात तिघं जण तेच भाषण करतात. त्यात एक चूक ठरलेली: "या दिवशी मराठवाड्याचे आठही जिल्हे स्वतंत्र झाले." १९४८ साली आठ जिल्हे होते कुठं? औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद, एवढे पाचच होते. जालना १९८१ ला झाला, लातूर १९८२ ला, हिंगोली १९९९ ला. पुढच्या खुर्चीवरच्या रिटायर्ड गुरुजींना हे पाठ असतं. ते शेजारच्याच्या कानाला लागले की तुमची ती रांग गेली म्हणून समजा.

भाषण आवाजामुळं पडतं असं लोकांना वाटतं. खरं तर ते पडतं कुठंही खपेल अशा मजकुरामुळं. तपासायचं असेल तर आपल्या भाषणातलं गावाचं नाव काढा आणि दुसऱ्या तालुक्याचं घाला. काहीच बिघडलं नाही, तर भाषण अजून लिहायचंच आहे.

आधी वेळेचं गणित. माइकवर शांतपणे मराठी बोलताना मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात. त्यात टाळ्या, थांबे, मधेच कुणी पाहुणा आला म्हणून झालेली खुर्च्यांची हलवाहलव. म्हणून सात मिनिटांसाठी साडेसातशे नाही, सहाशेच शब्द लिहावेत. फुलस्केपची साधारण अडीच पानं. घरी मनातल्या मनात वाचून घड्याळ लावू नका. डोळे जिभेपेक्षा फार जोरात पळतात. उभं राहून, मोठ्यानं, दोनदा.

आता सुरुवात. आपल्याकडं ती अशी असते: "आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष सन्माननीय अमुक, प्रमुख पाहुणे माननीय तमुक, व्यासपीठावर विराजमान..." व्यासपीठावर चौदा जण असतील तर दीड मिनिट गेलं. सूत्रसंचालकानं तीच नावं घेतली, प्रास्ताविकात तीच आली, सत्कारात पुन्हा तीच. आणि नावांची यादी घेतली की एखादं सुटतंच, मग सुटलेला माणूस चहापर्यंत तोंड पाडून बसतो. अध्यक्षांचं आणि प्रमुख पाहुण्यांचं नाव घ्या, "आणि जमलेल्या माझ्या सगळ्या गावकऱ्यांनो" म्हणा आणि थेट विषयावर या. सात-आठ सेकंदांचं काम. "मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल आभार" आणि "वेळ कमी आहे, तरी दोन शब्द सांगतो" ही दोन्ही वाक्यं कायमची काढून टाका. दुसऱ्या वाक्यानंतर माणूस हटकून वीस मिनिटं बोलतो, हे लोकांना ठाऊक झालंय.

१७ सप्टेंबरला पहिलं वाक्य म्हणून आपल्याला सगळ्यात कामाचं काय आहे, तर भूगोल. तुळजापूर ते सोलापूर पंचेचाळीसेक किलोमीटर. १५ ऑगस्ट १९४७ ला सोलापूर स्वतंत्र भारतात होतं आणि तुळजापूर हैदराबादच्या निजामाच्या राज्यात. एवढं सांगून थांबा. पोरांनी तो रस्ता एसटीनं केलेला असतो. त्यांना "तेरा महिने दोन दिवस उशिरा" हा हिशेब नंतर सांगितला तरी चालतो, आधी तो रस्ता डोळ्यांपुढं यायला हवा. धाराशिवच्या शाळेत हे चालतं. नांदेडला, हिंगोलीला चालणार नाही. तिथं आपल्या जवळची सरहद्द शोधावी लागते, उदाहरणार्थ पैनगंगेपलीकडचा विदर्भ, जिथं निजामाचा कारभार नव्हता.

दुसरा टप्पा पार्श्वभूमीचा. इथं सगळे वाहून जातात, काहीजण तर सातवाहनांपासून निघतात. दोन मिनिटं पुरे आणि त्यात चार गोष्टी पुरेत. राज्याचा कारभार आणि वरचं शिक्षण उर्दूत होतं. १९३८ साली वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांचा लढा पेटला. नोव्हेंबर १९४७ ला भारताशी जैसे थे करार झाला आणि तरी रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या खासगी फौजेचा, जुलूम वाढत गेला. १३ सप्टेंबर १९४८ ला सैन्य शिरलं आणि १७ ला निजामानं शरणागती जाहीर केली. बस्स. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव सगळेच घेतात. पण ते आधी हिप्परग्याला आणि मग अंबाजोगाईला शिक्षक होते, हे फार थोडे सांगतात. शाळेच्या पटांगणात तर तेच आधी सांगायला पाहिजे.

एक जबाबदारीची गोष्ट. रझाकार म्हणजे मुसलमान असं समीकरण भाषणात नकळत होऊन जातं आणि समोर बसलेल्या निम्म्या-पाव गावाची मान खाली जाते. ते इतिहासालाही धरून नाही. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक शोएबउल्ला खान रझाकारांविरुद्ध लिहायचा, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्याचा खून झाला. या एका माणसाला तीन वाक्यं द्या. पटांगणातली हवा बदलते.

तिसरा टप्पा खरा तुमचा: आपल्या गावातला किंवा तालुक्यातला एक माणूस किंवा एक जागा. फक्त एक. त्यासाठी पंधरा दिवस आधी हुतात्मा स्मारकावर जाऊन दगडावरची नावं वहीत उतरवायची. आडनावावरून घर सापडतं. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला "लढ्याबद्दल सांगा" असं विचारू नका, "धान्य कुठं लपवलं होतं?", "पोरीबाळींना कोणत्या गावी पाठवलं होतं?" असं विचारा. मोठ्या प्रश्नाला वर्तमानपत्री उत्तर येतं, बारीक प्रश्नाला आठवण येते. पेव, कणगी, विहिरीतला कोनाडा, असं काहीतरी हाती लागतंच. मात्र एकाच तोंडून ऐकलेली गोष्ट इतिहास म्हणून ठोकून देऊ नये. "आमच्या गावात असं सांगतात" हे चार शब्द जोडले की तुमचा खोटेपणा होत नाही आणि गोष्टीची गोडीही जात नाही.

ती गोष्ट सांगताना त्या माणसाच्या तोंडचं एखादं वाक्य त्याच्याच बोलीत ठेवा. लातूरकडं असाल तर "काय करूलालाव रे?" असं म्हटल्यावर लोक ताठ होऊन बसतात. पण फक्त एखादं वाक्य, आणि ते त्या माणसाचं. पूर्ण भाषण बोलीत ओढलं की नक्कल वाटायला लागते, आणि पुण्याहून आलेला पाहुणा हसला की गावाला ते आपल्यावर हसल्यासारखं लागतं. शायरीचंही तेच. वली आणि सिराज हे जुने उर्दू शायर ज्या औरंगाबादचे (आताचं छत्रपती संभाजीनगर), त्या शहरात शेर म्हणायचा तर उच्चार आधी जाणत्याकडून तपासून घ्यावा. "ज़िंदगी"चा ज जिलबीचा झाला की उर्दू येणारे कपाळाला हात लावतात.

चालू विषयांवरचं भाषण वेगळ्याच कारणानं फसतं. तिथं आकडे असतात, पण ते दिसत नाहीत. "धरणात इतके टीएमसी पाणी" हे आपण दर पावसाळ्यात ऐकतो आणि टीएमसी कुणाच्याच डोळ्यांपुढं उभा राहत नाही. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. हेही अजून हवेतच आहे. आता पाच हजार वस्तीचं गाव घ्या, माणशी रोज ५५ लिटर धरा. दिवसाला पावणेतीन लाख लिटर, वर्षाला दहा कोटी. म्हणजे बाष्पीभवन आणि गळती सोडली तर एका टीएमसीत ते गाव २८० वर्षं पाणी पिईल. आता लोक एकमेकांकडं बघतात आणि पुढचा प्रश्न स्वतःच विचारतात: मग आपल्याकडं टँकर का येतो? तुमचं भाषण तिथून सुरू होतं.

असाच पावसाचा आकडा. एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला म्हणजे साधारण चार हजार लिटर. २५ मिलिमीटरची एक चांगली सर म्हणजे एकरी लाखभर लिटर, दहा हजार लिटरचे दहा टँकर. शेततळ्यावर किंवा बांधबंदिस्तीवर बोलताना हे एकच उदाहरण पुरतं. आणि लातूरमध्ये बोलत असाल तर एप्रिल २०१६ मधली मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे आठवून द्या. पहिल्या खेपेत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आलं होतं. ते वरच्या हिशेबात बसवलं तर पाच एकरांवर पडलेल्या एका चांगल्या सरीएवढं. देशभर गाजलेली ती गाडी आणि आपल्याच बांधावरून वाहून गेलेली ती सर, दोन्ही एका मापात आली की बाकी उपदेश करावा लागत नाही. एका भाषणात असे दोन हिशेब, फार तर तीन. चौथ्याला लोक मोबाइल काढतात.

जयंतीच्या भाषणाबद्दल थोडक्यात: जन्म-बालपण-शिक्षण या क्रमानं जाऊ नका, तो क्रम श्रोत्यांना तुमच्याइतकाच पाठ आहे. १४ एप्रिलला छत्रपती संभाजीनगरातल्या मिलिंद महाविद्यालयाच्या नावावरच सात मिनिटं बोलता येतं. बाबासाहेबांनी १९५० साली उभ्या केलेल्या कॉलेजाला ज्याचं नाव मिळालं, तो मिलिंद राजा भिक्षू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा होता.

निरोप समारंभाचं भाषण मात्र सगळ्यात अवघड, कारण ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोर बसलेला असतो. बहुतेक जण सेवापुस्तिका वाचून दाखवतात: अमुक साली रुजू, तमुक साली बदली. आठवडाभर आधी तिघांना भेटा: शिपाई, एक जुना विद्यार्थी आणि ज्याचं त्यांच्याशी फारसं जमलं नाही असा एक सहकारी. तिघांनाही एकच विचारा, "उद्यापासून काय दिसणार नाही?" उत्तरं छोटी येतात. खिशातला खडू, मधल्या सुट्टीत नळ बंद करत फिरणं, हजेरीत पोराचं नाव घेताना बापाचंही नाव घेणं. त्यातली एक निवडून तिच्यावर चार मिनिटं बोला. "समाजात मोलाचा वाटा उचलणारं, हसतमुख, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व" ही माळ कुणाच्याही गळ्यात बसते, म्हणून ती कुणाचीच नसते. आणि "आता वहिनींच्या ताब्यात" हा विनोद सोडून द्या. वहिनी समोर असतात आणि त्यांनी तो आधीच्या तिघांकडून ऐकलेला असतो.

शोकसभेत तीन मिनिटं. आजारपणाची हकिगत नाही, शेर नाही. तिथली मोठी चूक म्हणजे "माझे आणि त्यांचे संबंध": बोलणारा हळूहळू स्वतःवरच बोलायला लागतो. कागदावर "मी" आणि "माझा" मोजा. पाचच्या वर गेले तर कापा. किल्लारीच्या भूकंपाच्या, ३० सप्टेंबरच्या स्मरणसभेत तर आकड्यांनी सुरुवात करू नये. पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं, आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपलेले. एवढं म्हणून गप्प राहावं. तिथं बसलेल्यांना पुढचं सांगावं लागत नाही.

राहिला माइक. आपल्या पटांगणात बहुधा कर्णे असतात, आणि शेवटचा कर्णा शंभर मीटरवर असेल तर तिथून परत येणारा आवाज सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा उशिरा तुमच्या कानावर पडतो. तारेतून कर्ण्यापर्यंत तो क्षणात जातो, हवेतून परत यायला तेवढा वेळ लागतो. त्या घुमण्याशी शर्यत लावली की शब्दांवर शब्द चढतात. वाक्य छोटं ठेवा, संपलं की ओठ मिटा, घुमणं विरू द्या, मग पुढचं. माइक तोंडापासून चार बोटं आणि जरासा तिरका, नाहीतर फ, भ, प वर फटफट होते. मराठीत ही अक्षरं पावलोपावली येतात. "भारतभूमीच्या" म्हटलं की दोनदा. शिट्टी वाजायला लागली तर माइकचं तोंड मुठीत धरू नका, त्यानं शिट्टी वाढते. स्पीकर तुमच्या मागं किंवा अंगावर रोखलेला आहे म्हणून ती येते. बाजूला सरका किंवा ऑपरेटरला आवाज कमी करायला सांगा.

कागद घडी घालून खिशात ठेवू नका, घडीवरची ओळ नेमकी वाचता येत नाही. जाड पुठ्ठ्यासारखे अर्ध्या पानाचे तुकडे, एका बाजूलाच लिहिलेले, वर कोपऱ्यात क्रमांक. सप्टेंबरात भुरभुर असते, म्हणून बॉलपेन, शाई ओघळते.

आणि कार्यक्रम उशिरा सुरू होणारच. दहा मिनिटं सांगितलेली असतात, पाहुणे तास-दीड तास उशिरा येतात आणि सूत्रसंचालक कानात म्हणतो, "सर, तीन मिनिटांत आवरा." तेव्हा भरभर वाचणारे दहा मिनिटांचं सातमध्ये कोंबतात आणि कुणालाच काही कळत नाही. म्हणून तुकड्यांवर आधीच लाल खूण करून ठेवा: पहिलं वाक्य, गावची गोष्ट, शेवटचं वाक्य. फक्त लाल खुणेचे तुकडे हातात ठेवा, बाकीचे खुर्चीवर. ही तीन मिनिटांची आवृत्तीही घरी एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलेली हवी, कारण मधला भाग काढला की सांधे उघडे पडतात: "म्हणूनच", "त्यामुळे" असे शब्द कशालाच धरून राहत नाहीत.

लाइट गेली तर ओरडू नका. व्यासपीठावरून खाली उतरा, पोरांच्या रांगांच्या मधोमध जाऊन उभे राहा आणि मागच्या रांगेकडं तोंड करून बोला. पुढच्यांना तुमची पाठ दिसली तरी ऐकू येतं, आणि मागच्यांना बहुतेक त्या सकाळी पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटतं.