फुलं राहू द्यात, पालवी बघा

होळीच्या आधीचा शनिवार, सकाळचे सव्वासात. मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या माळा घेऊन बसणाऱ्या मावशींच्या टोपलीत मला यंदाचं पहिलं फुलपाखरू भेटलं. म्हणजे ते फुलपाखरू व्हायचं होतं अजून. पानाच्या मागं चिकटलेली, करंगळीच्या दोन पेरांएवढी अळी. अंगावर काळे-पांढरे पट्टे, पाठीवर पिवळे ठिपके आणि मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. खाताना मान वरून खाली, वरून खाली, टाइपरायटरसारखी. मी वाकून बघत राहिलो तसं मावशी म्हणाल्या, "काय बघतायसा एवढं?"

"आळी हाय मावशी."

"आगं बया! टाका की तिकडं गटारीत."

"नको, मला द्या. ती पानं पण द्या चार."

"आळी पडल्याली पानं इकत न्हेतायसा?" असं म्हणून त्या हसल्या, पैसे घेतले नाहीत. वर आणखी दोन पानं टाकली. "खाऊ दे तिला बी. शनिवार हाय."

ती प्लेन टायगर या फुलपाखराची अळी. रुईच्या चिकातलं विष ती अंगात साठवते, ते पुढं फुलपाखरातही उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. ते सावकाश, मिरवत उडतं ते उगाच नव्हे. अळी काचेच्या बरणीत घातली, तोंडाला मलमलचं फडकं बांधलं आणि बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. हे कुणी करून बघणार असेल तर रुईचं पान हाताळल्यावर हात साबणानं धुवा आणि तोवर डोळ्याला हात लावू नका. तो चीक डोळ्याला फार वाईट.

इंग्लंडात राहणारा माझा मावसभाऊ दर वसंतात एका पिवळ्या फुलपाखराचा फोटो पाठवतो. तिकडचं ब्रिमस्टोन. अख्खी थंडी ते आयव्हीसारख्या सदाहरित वेलीच्या पानांत दडून काढतं आणि उबदार दिवस आला की बाहेर पडतं. लोक ती तारीख वहीत लिहून ठेवतात. आपणही तसं करावं असं मला बरीच वर्षं वाटत होतं, पण कोल्हापुरात पहिलं म्हणायचं कुणाला? आपल्याकडं ती बारा महिने असतात. खरा बहर पाऊस ओसरल्यावर, भाद्रपद ते कार्तिक. मग गवत वाळतं, माघात संख्या रोडावते आणि फाल्गुनात झाडं पालवायला लागली की लहानशी दुसरी लाट येते. ती फुलांवर शोधायला गेलं की हमखास चुकते. पळस, पांगारा, काटेसावर फुललेले असतात, पण त्यांच्यावर दंगा मैना-बुलबुलांचा. या दिवसांत बऱ्याच माद्या हिंडतात त्या कोवळ्या पानासाठी, कारण अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळीला जून पान चावत नाही. तेव्हा यंदा मी आणि सातवीतला भाचा, दोघांनी ठरवलं की फुलांकडं बघायचं नाही, पालवी बघत फिरायचं.

पहिला रविवार रंकाळा. चूक पहिल्याच दिवशी केली. पक्षी बघायला जातात तसं साडेसहाला जाऊन उभे राहिलो. फिरायला आलेली माणसं, पाण्यावर बदकं, एक फुलपाखरू नाही. भाचा म्हणाला, "मामा, ती झोपल्यात." अगदी तेच. फुलपाखराच्या अंगात स्वतःची ऊब नसते, पंख उघडून उन्हात बसल्याशिवाय त्याला उडताच येत नाही. तेव्हा घाई करू नका, नाष्टा करून साडेआठला बाहेर पडा. साडेआठ ते साडेदहा हा सगळ्यात चांगला वेळ: ती पंख पसरून ऊन खात बसलेली असतात, फोटोही मिळतात. अकरानंतर ऊन चढलं की सावलीत शिरतात, मग थेट चारनंतर.

रंकाळ्याची चौपाटीची बाजू सोडून द्या. शालिनी पॅलेसच्या बाजूला झाडं जास्त, वर्दळ कमी. तिथल्या करंजांना पोपटी, अजून तेल लावल्यासारखी चकचकीत पानं फुटली होती आणि भोवती कॉमन सेरुलियन नावाची निळसर, नखाएवढी फुलपाखरं भिरभिरत होती. खाली गवतात एकदांडीच्या फुलांवर त्याहून लहान निळी. त्यांची नावं ओळखायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका, डोकं उठतं. इराणी खणीच्या कडेला रुईची सात-आठ झुडपं होती. त्यांच्यावर प्लेन टायगरच्या अळ्या मोजल्या: अकरा. पुढच्या रविवारी मुद्दाम गेलो तर झुडपंच नव्हती. कुणीतरी सफाई करून गेलं होतं आणि जागेवर तांबडी माती नीट सपाट केलेली. भाचा काही बोलला नाही, मीही नाही. रुई म्हणजे कचरा, हे आपल्या लोकांच्या डोक्यातनं कसं काढायचं कुणास ठाऊक. शनिवारी मात्र तीच रुई देवाला लागते.

दुसरा रविवार शिवाजी विद्यापीठ, आणि मला विचाराल तर नवख्यानं सुरुवात इथंच करावी. सागरमाळावरचा हा ८५३ एकरांचा परिसर १९६२ पासून राखलेला आहे. मोर तर आहेतच, पण माळ, झाडी, पाणी हे तिन्ही चालत जाण्याच्या अंतरात मिळतं. ओळखपत्र खिशात ठेवा, फाटकावर विचारलं तर सरळ सांगा कशाला आलोय ते. वनस्पती उद्यानात शिरायचं असेल तर आधी परवानगी घ्या. इमारतींकडं, वसतिगृहांकडं कॅमेरा रोखू नका, उगाच वाद होतात.

इथं आम्ही एका जुन्या आंब्याखाली पाऊण तास उभे होतो. आंब्याच्या दोन फांद्यांवर बांडगूळ माजलं होतं, शेंदरी नळीसारखी त्याची फुलं लगडलेली. बांडगूळ ही आपल्याकडं शिवी आहे. शेतकरी दिसलं की कोयता काढतो आणि त्याचं बरोबरच आहे. पण कॉमन जेझबेल या फुलपाखराचं अख्खं घरदार त्या शिवीवर चालतं. मादी अंडी घालते ती बांडगुळाच्याच पानावर, एक-एक नव्हे, वीस-तीस ओळीनं मांडून, आणि अळ्या पंगतीला बसल्यासारख्या एकत्र खातात. आम्हाला आधी नुसतं पांढरं काहीतरी उंचावर तरंगताना दिसलं. भाचा म्हणाला, कागद आहे. मग ते फुलावर उतरलं आणि पंख मिटले. मिटल्यावर जेझबेल बघावं: पिवळाधमक पंख, त्यावर काळ्या शिरा आणि खालच्या कडेनं शेंदरी-लाल टिकल्यांची रांग. हळदीकुंकवाच्या ताटासारखं. उडताना दिसते ती बाजू साधी पांढरी, सगळा साजशृंगार पंखाच्या खालच्या बाजूला. ते वीस फुटांखाली क्वचितच येतं, त्यामुळं इथं मोबाइलचा उपयोग नाही, दुर्बीण हवी. दुर्बीण नसेल तर मान दुखेस्तोवर बघा, पण बघा.

तिथनं राजाराम तलावावर गेलो. मार्चात पाणी मागं सरकतं आणि काठाला ओल्या चिखलाचा पट्टा उरतो. ह्या चिखलावर कॉमन एमिग्रंट आणि ग्रास यलो, पिवळ्या-पोपटी रंगाची तीसेक फुलपाखरं दाटीवाटीनं बसली होती, मध्येच दोन लाइम बटरफ्लाय. सगळी चिखलात सोंड खुपसून. हे बहुतेक सगळे नर. मधात मीठ नसतं, ते चिखलातनं घेतात आणि मिलनाच्या वेळी मादीला देतात, अंड्यांसाठी. चिखलावरच्या फुलपाखरांच्या जवळ जायचं तर उभ्यानं जाऊ नका. सूर्य समोर ठेवा, म्हणजे आपली सावली मागं पडते, आणि दहा फुटांवरनं बसून सरकत जा. सावली अंगावर पडली की थवा उठलाच. पँटचा गुडघा खराब होतो, जुनी घाला.

आता घराजवळचं. फिरायला वेळच नाही म्हणणाऱ्यांसाठी. आमच्या राजारामपुरीतल्या घरामागं आंबा आहे. तांबूस कोवळी पानं आली होती, पण आम्ही बघत होतो त्यांच्या मागची हिरवी, नुकती पिकायला लागलेली नव्हे, मधली. मी भाच्याला एक पान दाखवलं आणि म्हटलं, यावर अळी आहे, शोध. त्यानं दोन मिनिटं बघितलं. पान उलटं केलं, सुलटं केलं. "काय नाही मामा." मग मी काडीनं पानाच्या मधल्या शिरेला हळूच स्पर्श केला आणि शीरच हलली. कॉमन बॅरनची अळी पानाच्या मध्यावर अशी पडून राहते की तिच्या पाठीवरची फिक्कट पिवळी रेघ पानाच्या शिरेवर बरोब्बर बसते. दोन्ही अंगांनी पिसांसारखे हिरवे काटे फुटलेले असतात, ते पानाला चापून चिकटवलेले, त्यामुळं सावलीसुद्धा पडत नाही. भाच्यानं त्या दिवशी शेजारपाजारची चार पोरं गोळा केली आणि प्रत्येकाला तेच पान दाखवून "शोध" म्हणत बसला.

तसंच कढीपत्ता आणि लिंबू बघा. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं दिसलं तर पुसू नका, ती कॉमन मॉरमॉनची किंवा लाइमची लहान अळी असायची शक्यता आहे. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचलं की डोक्यामागनं तांबडं दुबेळकं शिंग काढते, वासही मारते. महाशिवरात्रीला आणलेल्या बेलावरही लाइमची अळी सापडते. रस्त्याच्या दुभाजकातल्या कण्हेरीची पानं उलटून बघा, कॉमन क्रोचे कोष लटकलेले असतात, आरशासारखे लखलखीत, रुपेरी-सोनेरी. सराफाच्या दुकानात शोभतील. फक्त रहदारी बघून उलटा.

तिसरा रविवार पन्हाळा. अंतर वीसेक किलोमीटर, मध्यवर्ती बसस्थानकावरनं एसटी मिळते. गाडीनं गेलात तर वर प्रवासी कराची पावती फाडावी लागते. गड तीन हजार फुटांच्या आसपास, त्यामुळं शहरापेक्षा हवा थंड आणि फुलपाखरं तासभर उशिरा उठतात, हे लक्षात ठेवा. तबक उद्यानाच्या झाडीत आम्हाला ब्लू मॉरमॉन दिसलं. मराठीत नीलवंत. २०१५ साली महाराष्ट्रानं हे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. असं करणारं आपलं पहिलंच राज्य. काळी मखमल, त्यावर मागच्या पंखांवर निळी राख उधळल्यासारखी, आणि आकार तळहाताएवढा. मध पितानाही पंख थांबत नाहीत, म्हणून माझे सगळे फोटो हललेले आहेत. त्याच झाडीत वाळक्या पाचोळ्यात पाय टाकला की एक-एक पान उडून पुढं जाऊन पडतं. ते कॉमन इव्हिनिंग ब्राउन. पावसाळ्यात याच्या पंखावर डोळ्यांसारख्या खुणा असतात, उन्हाळी पिढीत त्या जवळपास पुसल्या जातात आणि हुबेहूब वाळकं पान उरतं. पाचोळ्यात फिरताना बूट घाला, फुरसंही असंच पाचोळ्याच्या रंगाचं असतं. बुरुजांच्या कपारीत आग्या मोहोळं असतात. अत्तर मारून जाऊ नका, सिगारेट तर नकोच.

उतारावर मात्र वणवा लागून गेला होता. तीन दरवाजाकडनं खाली बघितलं तर अख्खी टेकडी काळी. नवं गवत चांगलं येतं म्हणून पेटवतात, असं सांगतात. पाचोळ्यात, गवताच्या बुडख्यात जे कोष आणि अंडी होती त्यांचं काय झालं ते सांगायला नको. आम्ही झुणका-भाकर खाल्ली, खर्डा जरा जास्तच झाला, आणि उतरलो.

जोतिबाला जाणार असाल तर चैत्री यात्रेचा आठवडा टाळा, त्या दिवसांत तिकडं गुलालाशिवाय काही दिसत नाही आणि गाडी लावायला जागा नाही. राधानगरी-दाजीपूरचं जंगल यापेक्षा कितीतरी श्रीमंत आहे, पण तो अर्ध्या दिवसाचा खेळ नव्हे. आधी शहरातली वीस-पंचवीस ओळखायला लागा, मग जा.

बरोबर काय न्यायचं? पाणी, टोपी, एक लहान वही. नावं पाठ करण्यापेक्षा वहीत झाड लिहा: कुठल्या झाडावर, कोवळं पान होतं का, किती वाजता. पुढच्या वर्षी तीच वही उपयोगी पडते. जाळी नको. चिमटीत धरलं की पंखांवरची पूड बोटाला येते आणि ती परत उगवत नाही.

बरणीतल्या अळीचं सांगायचं राहिलं. सोमवारी रात्री तिनं खाणं थांबवलं, फडक्याला उलटी लटकली आणि सकाळपर्यंत हिरवा कोष झाला होता, कमरेला सोनेरी ठिपक्यांची माळ. रंगपंचमीच्या आदल्या रात्री तो कोष काळपट झाला, आतला नारिंगी पंख बाहेरून दिसायला लागला. सकाळी आठच्या सुमारास कोष फुटला. आधी चुरगळलेल्या पतंगासारखं काहीतरी लोंबत होतं, पंधरा मिनिटांत पंख सुटले. भाचा तोवर गल्लीत जाऊन हिरवाजांभळा होऊन आला होता. आईनं त्याला दारातच अडवलं, म्हणून बरणी आम्ही दारात नेली. दीड तासानं फुलपाखरू भिंतीवरनं पलीकडं गेलं.

पुढच्या शनिवारी देवळाबाहेर मावशींना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि टोपलीखालनं फडक्यात गुंडाळलेली पानं काढली. तीन पानं, दोन अळ्या.

"तुमच्यासाठनं येगळी ठेवल्यात," त्या म्हणाल्या. "आळीचं पान धा रुपय."