गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि कलम ८४

माझ्या धाकट्या भावाच्या हातून शेजारचे काका जबर जखमी झाले, तेव्हा त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान होऊन बरीच वर्षं झाली होती. त्या आजारावरच्या ओलान्झापिनच्या गोळ्या त्याने काही महिन्यांपूर्वी घरच्यांच्या नकळत थांबवल्या होत्या. 'काका भिंतीतून यंत्राने माझे विचार काढून घेतात', अशी त्याची पक्की खात्री झाली होती. गुन्हा दाखल झाला तो खुनाच्या प्रयत्नाचा, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०७. खटला चालला, तो निर्दोष सुटला आणि आता माझ्या हमीवर माझ्याकडे राहतो. अशा घरांना पहिल्या काही दिवसांत कुणीच धड काही सांगत नाही, आणि गरज नेमकी तेव्हाच असते. म्हणून हे लिहिते आहे.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून आम्हाला वकील मिळाल्या. कोठडीत असलेल्या आणि मानसिक आजार असलेल्या माणसाला विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो, हेही मला तोवर माहीत नव्हतं. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "ताई, तो आजारी आहे हे कोर्टाला पटवून भागणार नाही. ज्या क्षणी हात उचलला त्या क्षणी त्याला काय कळत होतं, ते पटवावं लागेल."

आमचा बचाव दंड संहितेच्या कलम ८४ वर उभा होता. ते कलम एवढंच विचारतं: कृत्य करताना मनोविकलतेमुळे त्या माणसाला आपल्या कृत्याचं स्वरूप कळत नव्हतं का, किंवा आपण करतोय ते चुकीचं वा कायद्याविरुद्ध आहे हे उमगण्याची ताकद त्याच्यात नव्हती का? निदान कोणतं, गोळ्या किती वर्षं चालू आहेत, याला त्या कलमात जागा नाही. १ जुलै २०२४पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत २२व्या क्रमांकावर आलं आहे, गाभा तोच. त्याची मुळं इंग्लंडमधल्या १८४३च्या खटल्यात आहेत. डॅनियल मॅकनॉटनने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली आणि तो वेडाच्या कारणावरून सुटला. त्यावर गदारोळ झाला, तेव्हा न्यायाधीशांनी ही कसोटी घालून दिली. त्या काळी या आजारांवर औषधच नव्हतं. पहिलं खरं औषध, क्लोरप्रोमाझिन, रुग्णांना मिळू लागलं ते १९५२ साली. म्हणजे गोळी घेणारा, गोळी सोडणारा, पुन्हा गोळीवर येणारा माणूस ही कसोटी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कधी नव्हताच. आमच्या खटल्यातली निम्मी ओढाताण त्यामुळेच झाली असं माझं मत आहे.

पहिली ओढाताण कोठडीतच सुरू झाली. रिमांडच्या वेळी वकीलबाईंनी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे लेखी अर्ज दिला: आरोपी मनोरुग्ण आहे, त्याची तपासणी व्हावी, औषधं चालू व्हावीत. हा अर्ज पहिल्याच तारखेला द्यायचा. त्याने दोन कामं होतात. एक तर औषध सुरू होतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७चं कलम १०३ कैद्यांच्या उपचारासाठीच आहे. आणि दुसरं, तपास यंत्रणेला आजाराची माहिती होती, हे कागदावर येतं. सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालच्या एका निकालात म्हटलं आहे, की आरोपीच्या वेडाचा पूर्वेतिहास समोर आला असेल तर त्याची वैद्यकीय तपासणी करून तो पुरावा कोर्टापुढे ठेवणं हे प्रामाणिक तपास अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि ते केलं नाही तर सरकार पक्षाची बाजू लंगडी पडते. आमच्याकडे अर्जाची पोच होती. पुढे तिचा फार उपयोग झाला.

जिल्हा शल्यचिकित्सकांनी तपासून त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. अहवाल आला: सध्या खटल्याला तोंड देण्याच्या स्थितीत नाही. खटला थांबला. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो, माझाही व्हायचा. 'खटल्याला तोंड देता येत नाही' हा निर्णय आजच्या मनःस्थितीबद्दल असतो, घटनेच्या वेळच्या नव्हे. तो मिळाला म्हणजे सुटका झाली असं नाही, खटला फक्त पुढे ढकलला जातो. फौजदारी प्रक्रिया संहितेत हे सगळं कलम ३२८ ते ३३९ मध्ये होतं, तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३६७ ते ३७८ मध्ये आहे. वकिलांना भेटायला जाण्याआधी ही बारा कलमं वाचा, कठीण नाहीत.

औषधांनी तो सावरला. कानात येणारे भासाचे आवाज थांबले, झोप लागू लागली, मला ओळखून बोलू लागला. आपल्या हातून काय झालं ते त्याला तेव्हा कळलं, आणि ते कळल्यावरचे त्याचे दिवस मी इथे लिहिणार नाही. खटला पुन्हा सुरू झाला तेव्हा तो आरोपीच्या पिंजऱ्यात स्वच्छ शर्टात, शांत उभा होता. नाव विचारलं तर नाव सांगत होता. त्याच्याकडे बघून कुणालाही वाटलं असतं, हा कुठे वेडा आहे? औषधाशिवाय त्याच्यावर खटला चालवता येत नव्हता, आणि औषध घेतलेला तो त्या दिवशीच्या माणसासारखा जराही दिसत नव्हता. न्यायाधीशांना तो माणूस दाखवायचा कसा?

तो दाखवला कागदांनी. आईने प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवली होती. केस पेपर, औषधांची बिलं, कंप थांबावा म्हणून दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलच्या चिठ्ठ्या, आधीच्या दोन भरतींचे डिस्चार्ज कार्ड. एका खासगी दवाखान्याने जुन्या नोंदी द्यायला टाळाटाळ केली, तेव्हा २०१७च्या कायद्याच्या कलम २५चा उल्लेख करून लेखी मागणी केली. आपल्या उपचारांच्या नोंदी मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. नोंदी मिळाल्या. शेवटच्या चिठ्ठीची तारीख आणि त्यानंतर बिलंच नाहीत, हेही बोलकं ठरलं. घटनेनंतर तो पळाला नव्हता, हत्यार लपवलं नव्हतं, पोलीस येईपर्यंत जिन्यात बसून भिंतीशी बोलत होता. हे सरकारी साक्षीदारांनीच सांगितलं. वैर, पैशांचा व्यवहार, काहीच नव्हतं.

उलटतपासात सरकारी वकिलांनी डॉक्टरांना विचारलं, "घटनेच्या वेळी तुम्ही तिथे होतात का?" नव्हते. मग आला तो प्रश्न, ज्याची मला सगळ्यात धास्ती होती: "गोळ्या त्याने स्वतःच्या मर्जीने सोडल्या ना? मग परिणामांची जबाबदारी कुणाची?"

डॉक्टरांनी घाई केली नाही. त्यांनी सांगितलं, की आपण आजारी आहोत हे न कळणं हे या आजाराचंच एक लक्षण आहे. ज्याला आपण आजारी नाही अशी खात्री आहे, त्याच्या दृष्टीने गोळी म्हणजे नुसता त्रास: वजन वाढतं, सुस्ती येते, काही औषधांनी पाय एका जागी ठरत नाहीत. वकीलबाईंनी कायद्याची बाजू मांडली. दारूच्या नशेसाठी कलम ८५ वेगळं आहे, नशा आपणहून केली की इच्छेविरुद्ध झाली हे तिथे पाहिलं जातं. कलम ८४ मध्ये अशी अट नाही. मनोविकलता होती का, एवढंच त्यात आहे, ती औषध सुटल्याने आली की कशाने, हे नाही.

सिद्ध करण्याचा भार आमच्यावर होता, पण तो सरकार पक्षाइतका जड नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच सांगितलं आहे, की दिवाणी दाव्यासारखी शक्यतांची तुलना, म्हणजे आपली बाजू जास्त संभवनीय आहे एवढं दाखवणं, आरोपीला पुरतं. शिवाय त्याच्या पुराव्यामुळे गुन्हेगारी हेतूबद्दलच वाजवी शंका आली, तरी तो सुटू शकतो. घटनेच्या आधीचं, वेळचं आणि नंतरचं वागणं एकत्र पाहायचं.

निकालात 'निर्दोष' शब्द ऐकून आई रडली. पण त्याआधी न्यायाधीशांनी आणखी एक गोष्ट वाचून दाखवली होती. या कारणाने सोडताना, ते कृत्य आरोपीने केलं की नाही, हे निकालात स्पष्ट लिहावं लागतं. तसं लिहिलं गेलं: कृत्य त्यानेच केलं. मला ते योग्य वाटलं. काका कोर्टात बसले होते, त्यांचा एक हात आजही पुरता उचलत नाही. त्यांच्यासमोर 'काही घडलंच नाही' असं म्हटलं जाणं मला सहन झालं नसतं.

सुटका म्हणजे त्याच दिवशी घरी, असंही नव्हे. कोर्ट अशा माणसाला सुरक्षित देखरेखीखाली ठेवू शकतं किंवा नातेवाइकाच्या ताब्यात देऊ शकतं. नातेवाइकाने त्याची काळजी घेण्याची आणि तो कुणाला इजा करणार नाही याची हमी द्यायची. तो आधी रुग्णालयात राहिला, मग मी हमीपत्र दिलं. आता रोजच्या गोळीऐवजी महिन्याचं इंजेक्शन आहे, म्हणजे घेतलं की नाही हा रोजचा वाद मिटला. आपल्याला इंजेक्शनच हवं, हे त्यानेच डॉक्टरांना सांगितलं.

काकांच्या भरपाईचं मात्र कुणी बोललं नव्हतं. आरोपी निर्दोष सुटला तरी पीडिताच्या पुनर्वसनासाठी भरपाईची शिफारस कोर्ट करू शकतं, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७-अ मध्ये तशी तरतूद होती. हे मला आमच्याच वकीलबाईंनी सांगितलं. मी काकूंना भेटून ते कलम लिहून दिलं. त्यांनी दार पूर्ण उघडलं नाही, पण कागद घेतला, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुलाने अर्ज केला.