२६ डिसेंबरचा दिनविशेष

शाळेच्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहायचं काम सातवीच्या मुलींकडे असतं. वर्षभर त्या तो पेपरातून उतरवून आणतात, मी बघून सही करते. २६ डिसेंबरचा मात्र मी उतरवू देत नाही. तो दिवस आमच्या बेळगावचा आहे.

१९२४ साली याच तारखेला टिळकवाडीत काँग्रेसचं ३९वं अधिवेशन सुरू झालं आणि अध्यक्ष होते महात्मा गांधी. त्या खुर्चीवर ते आयुष्यात एकदाच बसले, तेही आमच्या गावात. सगळी जमवाजमव हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांची. अधिवेशनाच्या नगराला विजयनगर नाव दिलं, पाण्यासाठी विहीर खोदली आणि तिला म्हटलं पंपा सरोवर. आज तीच काँग्रेस विहीर. मुली रोज काँग्रेस रोडनं सायकलवरून जातात, पण त्या रस्त्याला हे नाव का पडलं ते निम्म्या जणींना ठाऊक नसतं. म्हणून दरवर्षी विहीर आणि शेजारचं वीरसौध दाखवायला घेऊन जाते.

एरवी दिनविशेषात नावं एकाखाली एक नुसती ठेवलेली असतात. जन्म, मृत्यू, घटना, संपलं. मी मुलींना वयं काढायला लावते. गांधीजी इथं अध्यक्ष झाले तेव्हा कोण किती वर्षांचं होतं? स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींमध्ये धारवाडची एक ११ वर्षांची मुलगी होती, पुढे ती गंगूबाई हनगल म्हणून साऱ्या देशाला माहीत झाली. उधमसिंगांचा जन्म २६ डिसेंबर १८९९चा, म्हणजे त्या दिवशी त्यांना पंचवीस पूर्ण. आणि बाबा आमटे? २६ डिसेंबर १९१४, हिंगणघाट. बरोब्बर दहा.

याच तारखेला, याच वर्षी आणखी एक जन्म आहे आणि तो पेपरात सहसा येत नाही. डॉ. सुशीला नायर. पंजाबातलं कुंजाह हे त्यांचं गाव, आता पाकिस्तानात. गांधीजींचे सचिव प्यारेलाल हे त्यांचे भाऊ. आगाखान पॅलेसमध्ये त्या गांधीजी आणि कस्तुरबांबरोबर कैदेत होत्या, कस्तुरबांनी तिथंच प्राण सोडला तेव्हाही जवळ होत्या. पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या आणि १९६९मध्ये त्यांनी सेवाग्रामला मेडिकल कॉलेज उभं केलं.

फळ्यावर ही वजाबाकी झाली तेव्हा एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, म्हणजे दोघांचा दहावा वाढदिवस होता की त्या दिवशी!"

होता. एक हिंगणघाटात, एक पंजाबात, आणि ज्यांच्यामागे दोघं पुढे जाणार होते ते गांधीजी त्या दिवशी बेळगावात. दोघांनाही सेवाग्रामनं ओढलं. बाबांना गांधीजींनी 'अभयसाधक' म्हटलं. एकानं वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं, एकीनं वर्धेच्या खेड्यापाड्यांसाठी दवाखाना आणि डॉक्टर. मला हा योग फार मोलाचा वाटतो आणि तो मुलींना कळावा म्हणून मी हट्टानं सांगते.

रेडियमचा शोध क्युरी दांपत्यानं याच तारखेला, १८९८ साली जाहीर केला. २००४ची त्सुनामीही याच दिवशी आली. तेही लिहून घेते.

२०२४मध्ये अधिवेशनाला शंभर वर्षं झाली. गावभर रोषणाई होती, रस्ते माणसांनी भरले होते, पुढाऱ्यांची बैठक त्याच दिवशी इथं झाली. आणि रात्री बातमी आली, दिल्लीत मनमोहनसिंग गेले. दुसऱ्या दिवशीची सभा रद्द झाली, शाळेला सुट्टी मिळाली. त्यामुळे त्यांचं नाव फळ्यावर यायला वर्ष जावं लागलं.

यंदा मी क्रम बदलणार आहे. वरच्या ओळीत सुशीला नायर, त्यांच्या खाली बाबा. बाबांचं नाव मुलींना पेपरातही सापडतं.