आमची वाटचाल: केळीच्या बागेतल्या मोटरीपासून रीळच्या टेपरेकॉर्डरपर्यंत

जळगावच्या आमच्या दुकानाच्या पाटीवर आजही ‘मोटर रिवाइंडिंग’ मोठ्या अक्षरात आहे आणि ‘जुने टेपरेकॉर्डर दुरुस्ती’ त्याच्याखाली बारीक. पाटी नव्याने रंगवताना पेंटर म्हणाला, आता उलटं करू का? मी नको म्हटलं. नाशिक-पुण्याहून लोक रीळवाली मशीनं घेऊन येतात, त्याचं निम्मं श्रेय त्या वरच्या ओळीला आहे.

धंदा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. चोपडा, यावल, रावेर हा सगळा केळीचा पट्टा. भर मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना विहिरीवरची मोटर जळाली की शेतकऱ्याला झोप नसते. रात्री-बेरात्री ट्रॅक्टरमध्ये मोटर टाकून माणसं दारात यायची. अण्णा स्क्रूला हात लावण्याआधी वाकून वास घ्यायचे आणि विचारायचे, “जिभाऊ, डीपीवर काय झालं होतं?” कारण मोटर आपल्या दोषाने क्वचितच जळते. गावातले सगळे पंप चालू असले की लाईन १७० व्होल्टवर येते, रात्री ते बंद झाले की २६० वर चढते. आणि डीपीचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरचा, न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी ४०० च्या आसपासही घरात शिरू शकतात. आधी वीज बघायची, मग वस्तू, ही सवय मला तिथली.

मधली वर्षं भराभर सांगतो. लग्नसराईचे, कानबाईच्या उत्सवाचे लाऊडस्पीकर, अॅम्प्लिफायर, मग कॅसेट प्लेअर, मग टीव्ही. पुढे वस्तू इतक्या स्वस्त झाल्या की दुरुस्तीला कोणी येईना. लोडशेडिंगच्या काळात इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझरने तारलं. खरं तर तेव्हा दुकान निव्वळ ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्यावर चालत होतं.

रीळचं पहिलं मशीन आणलं ते अमळनेरच्या एका निवृत्त गुरुजींनी. जर्मन बनावटीचं, व्हॉल्व्हवालं, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या जागी काचेच्या नळ्या असलेलं. त्यांच्या आईने आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी म्हटलेली टेप होती. “भाऊ, मायना आवाज निंघाले पाहिजे, बस,” एवढंच म्हणाले. दोन दुकानांतून ते मशीन परत आलं होतं. तिथे सगळ्यांनी हेड पुसली, बेल्ट बदलला आणि प्लग लावून पाहिला. बिघाड पॉवर सप्लायच्या सेलेनियम रेक्टिफायरमध्ये, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या भागात होता. ही जुनी पत्र्यांची चवड म्हातारी झाली की तिचा रोध वाढतो, व्होल्टेज पडतं आणि शेवटी ती सडक्या अंड्यासारख्या घाण वासाने जळते. तो धूर विषारी असतो. तिच्या जागी सिलिकॉन डायोड बसतात, पण नुसते बसवून भागत नाही. सिलिकॉनमध्ये व्होल्टेज फारसं पडत नाही, त्यामुळे पुढे जास्त पोहोचतं आणि व्हॉल्व्ह, कंडेन्सर दोघांवर ताण येतो. मोजून एक रेझिस्टर सिरीजमध्ये घालावा लागतो. आवाज निघाला. गुरुजींनी चार ठिकाणी सांगितलं आणि कामं यायला लागली.

ही मशीनं बहुतेक ट्रंकेत किंवा माळ्यावर पडलेली असतात. आपल्याकडच्या उन्हात माळ्यावर काय तापतं ते वेगळं सांगायला नको. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा ढोबळ नियम असा की दर १० अंश वाढीला त्याचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून खानदेशातलं मशीन दिसायला चकाचक असलं तरी आत सुकलेलं धरून चालायचं. लाईनवर लावलेले कागदी कंडेन्सर तर त्याहून घातकी. त्यांच्या कवचाला बारीक तडे जातात, त्यातून दमट हवा आत जाते. मशीन जोडलं की थोडा वेळ छान चालतं आणि मग फटाका. काही मशीनांत हा कंडेन्सर स्विचच्या आधी असतो, म्हणजे स्विच बंद असला तरी त्याच्यावर वीज असतेच. हे आम्ही न तपासता बदलतो.

फैजपूरकडचं एक काम जरा सविस्तर सांगतो, कारण आमची सगळी रीत त्यात आली. घरातले काका सौदीत नोकरीला होते, तिथून त्यांनी जपानी मशीन आणलेलं. नातवाने काढून प्लग लावला, फ्यूज गेला. कोणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली, मग ट्रान्सफॉर्मरच गेला. मागे व्होल्टेजचा सिलेक्टर ११७ वर. सौदीत तेव्हा घरगुती वीज १२७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झ होती. ११७ च्या टॅपवर २३० दिले की ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी कोअर चुंबकत्वाने भरून जातो आणि करंट कित्येक पट वाढतो. फ्यूज बिचारा आपलं काम करून गेला होता.

आमच्या बेंचवर प्रत्येक मशीन आधी साठ वॉटच्या बल्बच्या सिरीजमध्ये लागतं, म्हणजे वीज बल्बमधून मशीनला जाते; आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, नसेल तर मंद राहतो. मोटरीच्या तारा सोडलेल्या, कारण कमी व्होल्टेजवर मोटर फिरत नाही, नुसती तापते. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी, म्हणजे पुढे वीज देणारी गुंडाळीही सोडलेली. या मशीनचा बल्ब लख्ख पेटला, म्हणजे दोष ट्रान्सफॉर्मरमध्येच. तो मंद राहिला असता तर रेक्टिफायर जोडला असता; तिथे लख्ख झाला तर डायोड किंवा फिल्टरचा कंडेन्सर शॉर्ट. तेही ठीक असेल तर पुढचं बोर्ड. एकेक टप्पा जोडत गेलं की बिघाड आपणच हात वर करतो.

जळालेल्या प्रायमरीचे, म्हणजे लाईनकडच्या गुंडाळीचे, टर्न (वेढे) मोजता येत नाहीत, वार्निश वितळून सगळा गोळा झालेला असतो. पण वरची सेकंडरी शाबूत असते. ती हाताने उलगडत मोजायची. समजा २४ व्होल्टच्या वायंडिंगला १२० टर्न निघाले, तर व्होल्टला पाच, म्हणजे २३० ला ११५०. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून थोडे जास्तच घेतो. तारेचं गेज जुनंच, थरांमध्ये मिलिनेक्सची प्लास्टिक फिल्म, शेवटी वार्निश आणि भट्टी. पंपाच्या स्टेटरवर हात बसलेल्या कारागिराला हे काम म्हणजे विश्रांतीच.

मशीन सुरू झालं, पण गाणारी बाई बाप्यासारखी गायला लागली. घरच्यांना वाटलं टेप खराब आहे. त्या मशीनची मोटर लाईनच्या फ्रिक्वेन्सीवर फिरणारी. ६० ची ५० वर चालवली की वेग एक षष्ठांशाने कमी. एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून मोटरीची पुली करून घेतली, जुन्या व्यासाच्या १.२ पट. मोटरीचा कंडेन्सरही ५० हर्ट्झला लागतो तो घातला. मग बाई बाईसारखी गायली.

सगळीच कामं अशी मोठी नसतात. ‘मशीन पूर्ण मेलंय’ म्हणून आणलेल्यांपैकी काहींना काहीच झालेलं नसतं. टेप संपल्यावर मोटर बंद करणारी एक छोटी दांडी असते, तिच्याखाली मायक्रोस्विच. टेप ओवलेली नसेल तर दांडी खालीच राहते आणि मोटर फिरत नाही. अशा वेळी दांडी बोटाने उचलून दाखवतो. पैसे घेत नाही. चहा मात्र गिऱ्हाइकाकडून.

आता पत्नी हिशेब आणि सुट्या भागांची खरेदी बघते, पुतणी वायंडिंग शिकते आहे आणि तिचे थर माझ्यापेक्षा नीट बसतात. पंपाच्या मोटरीही येतातच. उन्हाळ्यात त्यांना पहिला नंबर, टेपरेकॉर्डरवाल्यांनी थांबायचं.

मशीन पाठवणाऱ्यांना एवढंच सांगणं: चालतंय का म्हणून प्लग लावून बघू नका, सिलेक्टर फिरवू नका, फ्यूज गेला असेल तर तो तसाच राहू द्या. त्याची काच काळी पडली आहे की आतली तार नुसती तुटली आहे, यावरून आम्हाला बरंच कळतं. आणि टेप मशीनवर चढवून पाठवू नका, वेगळ्या डब्यात द्या.