नव्वद की एकशेचाळीस?

आमच्या रो हाऊससमोर आमचं दुसरं घर उभं असतं. सहा चाकांचं. मूळची ती टेम्पो ट्रॅव्हलर. निवृत्त झाल्यावर यांनी ती जुनी विकत घेतली, आतल्या सीटा काढून दोन पलंग, ओटा, सिंक आणि शंभर लिटरची पाण्याची टाकी बसवून घेतली, आरटीओच्या पायऱ्या झिजवल्या आणि एक दिवस बॉनेटला हळदकुंकू लावून मला म्हणाले, "चल." गल्लीतली पोरं तिला 'काकांची एसटी' म्हणतात.

या घराच्या ओट्यावर कुठलं तेल ठेवायचं हा प्रश्न मी पाच मिनिटांत सोडवला होता. शेंगदाण्याचं, छोट्या बरणीत, फिरकीच्या झाकणाचं. पण ओट्याच्या खाली, मागच्या चाकांच्या मधोमध कलिंगडाएवढं जे लोखंडी पोट आहे, त्यात कुठलं तेल घालायचं यावर आमच्याकडे बावीस दिवस खल चालला. तेल बदलायला शेवटी पाऊण तास लागला.

त्या पोटाला पुस्तकात डिफरन्शियल म्हणतात. नाशिकच्या वडाळा नाक्यावरचे आमचे मिस्त्री 'डिफ्रन्सल' म्हणतात आणि त्यांचा पोरगा नुसतंच 'हौसिंग'. मी बरेच दिवस 'मागचा गोळा' म्हणत होते, आणि तो करतो काय हे विचारायचं धाडस नव्हतं. कारण यांना एक प्रश्न विचारला की हे कागद-पेन्सिल घेऊन बसतात. ते मला समजलं कामदा एकादशीला, रथाच्या मिरवणुकीत. नाशकात त्या दिवशी रामरथ आणि गरुडरथ निघतात. दोराला माणसं लागलेली असतात. वळण आलं की आतल्या बाजूचे जवळजवळ जागच्या जागी पाय मारतात आणि बाहेरच्या बाजूचे अक्षरशः पळतात. सगळ्यांचा दोर एकच, जोर एकच, पण पावलं वेगवेगळी. मी यांना म्हटलं, "तुमचा गोळा हेच करतो ना?" हे माझ्याकडे बघतच राहिले. पेन्सिल वाचली.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त पळावं लागतं. बैलगाडीला ही अडचण नाही. तिची दोन्ही चाकं आसावर आपापली मोकळी फिरतात, ओढणारे बैल बाहेर. मोटारीत मात्र इंजिनाने चाकांनाच फिरवायचं असतं. म्हणजे दोघांना एकाच दांड्यातून जोर द्यायचा आणि तरी वळणावर दोघांना आपापल्या चालीने जाऊ द्यायचं. हे कोडं वाफेच्या गाडीसाठी सोडवून त्याचं पेटंट घेतलं ओनेसिफोर पेकर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीने, १८२७ साली. घड्याळजीच होता हे मला फार आवडलं. दोन काट्यांनी एकाच चावीवर वेगवेगळ्या वेगाने चालायचं, हे त्याच्या रोजच्या बघण्यातलं.

तर या पोटाकडे आमचं लक्ष गेलं ते श्रावणात. भंडारदऱ्याहून परतताना एका ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं. पुढची जीप गेली म्हणून आम्हीही गेलो. गाडी घाट चढून-उतरून आलेली, मागचा गोळा चांगला तापलेला, आणि तो अचानक गार पाण्यात. लोखंड गार झालं की आतली हवा आकसते आणि बाहेरून मिळेल ते ओढून घेते. त्या पोटाला श्वास घ्यायला वर एक छोटी नळी असते, ब्रीदर. हवेऐवजी तिथून आणि सीलच्या, म्हणजे तेल गळू न देणाऱ्या कड्याच्या, कडेने पाणी आत जातं. घोटीला चहाला थांबलो, तिथल्या मिस्त्रीने आडवं झोपून वरचं बूच उघडलं, करंगळी घातली आणि बाहेर काढून मला दाखवली. तेल मधासारखं दिसायला हवं होतं. करंगळीवर दुधाचा चहा होता.

"घरी जा सावकाश आणि लगेच बदला," तो म्हणाला, आणि पान्याला हातभर पाईप लावून बूच असं आवळलं की बस्स. हे बूच लक्षात ठेवा.

'लगेच बदला' म्हणजे आमच्याकडे आधी अभ्यास. हे कपाटातून गाडीचं पुस्तक काढून बसले. त्यात सरळ लिहिलं होतं: ८०डब्ल्यू-९०, जीएल-५. माझ्या मते विषय इथेच संपला होता. पण तेलाच्या बाबतीत छापील शब्दावर कोण थांबतं? लोणच्याला कुठलं तेल यावर माझ्या दोन नणंदांचं तीस वर्षं जमलेलं नाही. सिडकोतले भाऊजी, ज्यांनी आयुष्यभर स्कूटर चालवली, म्हणाले, एकशेचाळीसच टाक, घाटात जाड तेल टिकतं. यांच्या कंपनीतले जुने सहकारी म्हणाले, आता सगळं सिंथेटिक, पंच्याहत्तर-नव्वद घे, लडाखला गेलास तर उपयोगी पडेल. आम्ही लडाखला जाणार आहोत हे मला तिथे कळलं.

ते आकडे मी एका दुपारी समजून घेतले. डब्ल्यू म्हणजे हिवाळा, विंटर. त्याच्या आधीचा आकडा तेल थंडीत कुठवर वाहतं ते सांगतो: पंच्याऐंशीची परीक्षा उणे १२ अंशांना, ऐंशीची उणे २६ला, पंच्याहत्तरची उणे ४०ला. आपल्याकडे निफाडचा पारा चार-पाचावर आला की पेपरात पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो येतो. म्हणजे नाशिक जिल्ह्यापुरतं तरी ऐंशी म्हणजे चंगळच. नंतरचा आकडा गरम तेलाचा जाडपणा. आणि गंमत अशी की गिअर ऑइलचे, म्हणजे या गोळ्यातल्या तेलाचे, आकडे इंजिन ऑइलच्या मापाने मोजतच नाहीत. गिअर ऑइलचं नव्वद तापल्यावर इंजिन ऑइलच्या चाळीस-पन्नासच्याच आसपास येतं. भाऊजी नव्वद ऐकून जो धसका घेतात आणि एकशेचाळीस ऐकून जे सुखावतात, ते किलोचा आकडा शेराने वाचण्यासारखं आहे.

एकशेचाळीस वाईट नाही. ओझं आणि उन्हाळा दोन्ही असलं की काही गाड्यांना तेच सांगितलेलं असतं. पण ज्या गाडीला नव्वद सांगितलंय तिच्यात जाड तेल घातलं की गोळ्यातल्या चाकांचे दाते ते ढवळण्यातच जोर घालवतात आणि तेल उलट तापतं. पुरणाचं घट्ट झालेलं पातेलं ढवळून बघावं, दंडाला कळतं.

मात्र भाऊजींच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट होती, ती ओझ्याची. मालाचा ट्रक एका खेपेला भरून जातो आणि कधीतरी रिकामा परततो. तेव्हा त्याचा मागचा गोळा दम खातो. आमची गाडी रिकामी होतच नाही. पलंग, बॅटऱ्या, गॅस, पाणी, माझी भांडी, यांचे पाने. घर कधी रिकामं झालंय? म्हणून किलोमीटर कमी झाले तरी तिचं तेल लवकर बदलावं, शिवाय महिनोन्‌महिने उभी राहते म्हणून ओल धरते तेही निराळंच, असं माझं मत झालं. हे म्हणतात ते मूळ त्यांचंच मत होतं.

मग जीएलचा, म्हणजे गिअरच्या तेलाच्या प्रकाराचा, घोळ. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, चार घ्या नाहीतर पाच घ्या, एकच आहे. पाच म्हणजे चारपेक्षा एक नंबर भारी." तसं नाही. या गोळ्यातलं लहान दातेरी चाक मोठ्याच्या मध्यावर भिडत नाही, थोडं खाली सरकवलेलं असतं, म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा खाली बसतो आणि गाडीची जमीन खाली येते. याला हायपॉइड म्हणतात. सोय झाली, पण दाते नुसते एकमेकांवर टेकत नाहीत, वरवंटा पाट्यावर घासावा तसे सरपटत घासतात. साधं तेल त्या दाबाखाली पिळून निघून जातं. जीएल-५मध्ये गंधक आणि फॉस्फरसची औषधं भरपूर असतात. दाते घासून जिथे तापतात तिथेच ती लोखंडाशी संयोग पावतात आणि एक पातळ थर धरतात. झिजतो तो थर, दाता वाचतो. हीच औषधं काही गिअरबॉक्समधल्या पितळी कड्यांना बाधतात, म्हणून तिथे जीएल-४ सांगितलेलं असतं. म्हणजे हे लहानमोठ्या नंबरचं प्रकरण नव्हे, पथ्याचं आहे. पूर्वी गिअरच्या तेलात हेच काम करायला देवमाशाचं तेल घालत असत, हे वाचून मी दोन दिवस गाडीतल्या चहाकडे संशयाने पाहत होते. ती पद्धत १९७०च्या दशकात मागे पडली.

ठरलं. पुस्तकात होतं तेच. बावीस दिवसांनी आम्ही पहिल्या पानावर परत आलो. हे डबा आणायला निघाले तो नेमका शनिवार. शनिवारी तेल विकत आणायचं नाही हा सासूबाईंचा नियम. "हा नियम जीएल-५ला लागू आहे का?" यांनी विचारलं. मी म्हटलं, तेल ते तेल, आणि हे तर लोखंडात घालायचंय, म्हणजे दुप्पट लागू. डबा रविवारी आला.

सोमवारी सकाळी यांनी घरासमोरच गाडीखाली गोणपाट अंथरलं, घमेलं सरकवलं आणि खालच्या बुचाला पाना लावला. मी म्हटलं, "आधी वरचं उघडा."

"का? काढायचंय खालून."

"आणि भरायचंय कुठून?"

या एका वाक्याचा मी अजूनही गावभर उल्लेख करते. वरचं बूच हलेना. घोटीच्या मिस्त्रीने पाईप लावून आवळलेलं ते. यांनी ज्ञानेश्वरी सोडून सगळं म्हणून पाहिलं. खालचं आधी उघडलं असतं तर गोळा रिकामा, भरायला वाट नाही, आणि सहा चाकांचं घर गल्लीत आडवं. तेल अजून आत होतं म्हणून आम्ही चालवत वडाळा नाक्यावर जाऊ शकलो.

मिस्त्रींनी आधी रागावून घेतलं. "काकू, दूध झालेल्या तेलावर बावीस दिवस? गाडी उभी होती म्हणून बरं, पण पाणी आत बसून गंज खातं." मग त्यांनी त्या बुचाच्या कडेने ब्रेकचं तेल सोडलं, दोन ठोके मारले आणि लांब दांड्याला एकच झटका दिला. कट् असा आवाज आला. यांनी मान दुसरीकडे वळवली.

खालचं बूच काढल्यावर तेल भराभर उतरलं, कारण गाडी आत्ताच चालून आल्याने ते कोमट होतं. वास मात्र विचारू नका. गंधकाचा, नासक्या अंड्याचा, आणि त्याच्या मागे जुन्या देवळातल्या समईसारखं काहीतरी. मिस्त्रींनी बुचाच्या टोकाचं लोहचुंबक पुसून मला दाखवलं. त्यावर करड्या रंगाचं लोण्यासारखं काहीतरी होतं. ते त्यांनी चिमटीत चोळलं. "हे चालतं, झीज आहे. कण लागले असते, दात्याचा तुकडा असता, तर खर्च होता." हे ऐकून यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मुलाच्या दहावीच्या निकालानंतरही आलं नव्हतं. मग थोडं नवं तेल आत घालून, पुढे-मागे गाडी हलवून तेही काढून टाकलं, पाणी राहू नये म्हणून. ब्रीदर चिखलाने बुजला होता, तो उघडून फुंकला. तो बंद राहिला तर तापलेल्या हवेचा दाब सील फोडून तेल ब्रेकवर आणतो. तांब्याचे वायसर नवे घातले. शेवटी नळीने तेल भरत गेले, वरच्या भोकातून धार ओघळू लागली तेव्हा थांबले. "सपाटीवर उभी पाहिजे गाडी. ओघळलं की झालं, वर एक थेंब नाही." माप एवढंच.

काळं तेल त्यांनी कोपऱ्यातल्या पिंपात ओतलं. गटारात सोडलं की ते गोदावरीला जातं, हे मला त्यांना सांगावं लागलं नाही याचं बरं वाटलं. ते सेंट्रिंगवाले घेऊन जातात, फळ्यांना लावायला. म्हणजे आमच्या भंडारदऱ्याच्या सहलीचा अंश पाथर्डी फाट्यावरच्या कुठल्यातरी स्लॅबखाली गेला असेल.

डब्यात पाव लिटर उरलं. मी म्हटलं, टाकून देऊ नका. यांनी ते पिसाने आमच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना लावलं. सोळा वर्षं करकरणारं ते फाटक आता लोण्यासारखं उघडतं. त्यामुळे हे बाहेरून कधी येतात ते मला कळत नाही, आणि परवा कळलं तेव्हा हे ओट्यावर लडाखचा नकाशा पसरून बसले होते.