रविवार : रोस्ट बीफ आणि हॉर्सरॅडिश सॉस

इंग्लंडात नोव्हेंबर लागला, की भाजीवाल्याकडे हॉर्सरॅडिशची मुळं दिसू लागतात. पानं वाळल्यावर खणलेलं मूळ जास्त झणझणीत असतं. घेताना वाकवून बघायचं. लवलवीत असलं तर परत ठेवायचं, कडक हवं.

आज सहा जणांचा बेत. साधारण १०० ग्रॅमचं मूळ सोलून, हिरवट टोक आणि मधला दोरकट गाभा काढून टाकला, की ६० ग्रॅम हाती लागतं. किसणीच्या बारीक बाजूनं किसायचं, खिडकी सताड उघडी ठेवून. अख्ख्या मुळाला वास जवळजवळ नसतोच. पेशी फुटल्या की आतलं एन्झाइम कामाला लागतं आणि फेसलेल्या मोहरीसारखा झणका थेट नाकात जातो. कूळ एकच, झणका आणणारं द्रव्यही काळ्या मोहरीतलंच.

सगळी मेख व्हिनेगर कधी घालायचं यात आहे. आम्ल पडलं की ते एन्झाइम थंडावतं. किसल्याबरोबर घातलं तर सॉस मवाळ होतो. तीन मिनिटं थांबून घातलं तर डोळ्यांतून पाणी काढतो. रोस्ट बीफला दुसराच शोभतो. फार वेळ थांबलात, तर मात्र झणका उडून जातो आणि कीस काळपट, कडवट होतो.

तर तीन मिनिटांनी दोन चमचे व्हाइट वाइन व्हिनेगर, पाव चमचा मीठ, अर्धा चमचा साखर आणि अर्धा चमचा इंग्लिश मस्टर्ड. हे दहा मिनिटं मुरू द्यायचं. १५० मिली थंडगार डबल क्रीम (इंग्लंडात मिळणारं भरपूर फॅटचं दाट क्रीम) जेमतेम आकार धरेल इतपतच घुसळायचं, कारण व्हिनेगरमुळे ते आणखी घट्ट होतं. आधीच कडक केलं, तर कीस मिसळताना रवाळ होऊन लोणी सुटू लागतं. भारतातलं पाकिटातलं २५ टक्के फॅटचं क्रीम इथे कामाचं नाही. ते फुलतच नाही.

सॉस अर्धा तास फ्रिजमध्ये. मांसही ओव्हनमधून काढल्यावर तेवढाच वेळ विसावू द्यायचं, म्हणजे दोन्ही एकदमच ताटात येतात. सॉस गरम ग्रेव्हीत ढवळायचा नाही, उष्णतेनं झणका जातो. कापांच्या बाजूला गारच वाढायचा.

क्रीम घातलेला दोन दिवसांत संपवावा. नुसता व्हिनेगरमधला कीस फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या बरणीत दोन-तीन आठवडे राहतो, पण दर आठवड्याला थोडा नरमतो. म्हणून नाताळासाठी ताजं मूळच आणावं.