गुरगुरणारा बेस, पंधरा हजारांत

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात तालमीला जागा एकच: काकांची आंब्याच्या पेट्या भरायची शेड. आंबा संपला की जूनपासून ती मोकळी होते, त्यामुळे आमचा बँड बेडकांसारखा पावसातच जागा होतो. भाचा ड्रमवर, शाळेपासूनचा एक मित्र गिटारवर, मी बेसवर, म्हणजे चार जाड तारांच्या खर्जाच्या गिटारवर. गेल्या पावसात असं व्हायचं की पत्र्यावर सर कोसळली की गिटार ऐकू यायची, ड्रम तर यायचेच, पण मी काय वाजवतोय ते माझं मलाच कळायचं नाही. मग मी अँपवरचं बेसचं, म्हणजे खर्जाचं, बटन चढवायचो. चढवलं की पत्रे थरथरायचे, पत्र्यांचे बोल्ट खणखणायचे, आणि सूर कुठला लागला हे कळण्याची उरलीसुरली आशाही संपायची. भाचा म्हणाला, "मामा, तुजो बेस ऐकाक येना नाय, शेड मात्र हलता."

माझ्याकडे तेव्हा चुलतभावाचा जुना बेस होता. आवाज गोणपाटात गुंडाळल्यासारखा. मला हवी होती गुरगुर. मोटरहेड बँडचा लेमी किंवा येस बँडचा ख्रिस स्क्वायर वाजवायचा तशी, म्हणजे सूर लागताना आधी दात दिसावेत. दोघंही रिकनबॅकर वाजवायचे. रिकनबॅकरची किंमत मी एकदाच पाहिली आणि पुन्हा पाहिली नाही. बजेट ठरवलं पंधरा हजार, सगळं धरून.

शोध दिवाळीनंतर सुरू केला. ओळखीपाळखीत सांगून ठेवलं की सेकंडहँड बेस बघतोय. आमच्याकडे 'बेस' म्हटलं की लोकांना डीजेच्या गाडीवरचा खोका आठवतो, हे मी विसरलो होतो. पहिले तीन फोन अठरा इंची स्पीकरवाल्यांचे आले. एकाने तर फोटोही पाठवला, शेजारी माप कळावं म्हणून पोरगा उभा केलेला. एका बेंजो पार्टीवाल्याने मात्र नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, आमच्याकडे बेस कीबोर्डवाला डाव्या हातानेच वाजवतो, चार तारांसाठी वेगळा माणूस कोण पोसणार? त्याचंही चुकीचं नव्हतं.

चौथा फोन खऱ्या बेसचा निघाला, रत्नागिरीहून. कुडाळहून रेल्वेने गेलो. घर समुद्राला लागून, बेस भिंतीवर खिळ्याला टांगलेला, दिसायला झकास. सुतार रिपेचा बाक बघायला एक डोळा मिटून तिच्यावरून नजर टाकतो, तशी मी नेकवरून, म्हणजे बेसच्या लांब दांड्यावरून, टाकली. धनुष्य. मग खात्रीसाठी तार पहिल्या पडद्यावर (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाबली आणि मधल्या पडद्याशी किती फट राहते ते पाहिलं. तिथे व्हिजिटिंग कार्ड सरकेल इतकी फट चालते. इथे एटीएमची दोन कार्डं एकावर एक गेली असती. नेकच्या आत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. तिचा नट अॅलन चावीने फिरवला की बाक कमीजास्त करता येतो. मी मालकाला विचारून चावी घातली, तर नट जागचा हलेना. खाऱ्या वाऱ्याने तो आतल्या आत धरला होता. मालक म्हणाला, "पाऊस संपला की होते आपोआप सरळ." पाऊस संपून महिना होऊन गेला होता. चहा पिऊन परत आलो.

हा हेलपाटा वाया गेला असं मात्र नाही. परतीच्या गाडीत तीन तास बसून फोनवर गुरगुरीचा अभ्यास केला आणि माझी मूळ चूक तिथे सापडली. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा, मोकळ्या ई तारेचा मूळ सूर साधारण ४१ हर्ट्झचा. तो पोटाला जाणवतो, आमच्या पत्र्यांना तर फारच जाणवतो. पण कानाला जी गुरगुर वाटते ती त्याच्या वरच्या थरांत, म्हणजे मूळ सुराबरोबरच निघणाऱ्या उंच उपसुरांत असते. त्याच तारेचा आठवा उपसूर ३३० हर्ट्झच्या आसपास येतो, आणि दोनशे-अडीचशेपासून आठशेपर्यंतचा हा पट्टा म्हणजे गुरगुरीचं घर. म्हणजे पावसात मी जे बटन चढवत होतो ते नेमकं चुकीचं. खर्ज उतरवून मिड, म्हणजे मधला पट्टा, चढवायला हवा होता.

दुसरी गोष्ट पिकअपची, म्हणजे तारांखाली बसून त्यांची हालचाल पकडणाऱ्या चुंबकांची. तार मधोमध सगळ्यात जास्त हलते, ब्रिजपाशी, म्हणजे बुडाशी जिथे ती टेकते तिथे, जेमतेम. म्हणून ब्रिजजवळच्या पिकअपला मूळ सूर कमी आणि उपसूर जास्त मिळतात. फेंडर या गिटार कंपनीने १९६० मध्ये काढलेल्या जॅझ बेसला असे दोन पिकअप असतात, एक नेककडे, एक ब्रिजकडे, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा कमीजास्त करता येतो. तेव्हा ठरलं: जॅझच्या जातीचा, ब्रिजला दमदार पिकअप असलेला, कुठल्याही कंपनीचा.

पणजीत एका दुकानात जाऊन नवे तीन वाजवून पाहिले. यामाहाचा टीआरबीएक्स १७४ बांधणीला पक्का आणि वागायला सभ्य, नको तितका सभ्य. आयबानेझच्या जीएसआर २०० ची नेक हाताला फार सुखद, पण त्यातलं बॅटरीवरचं जादाचं बटन खर्ज वाढवतं, आणि खर्जाने आधीच माझी शेड हलवलेली. स्क्वायरच्या (हा फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड, ख्रिस स्क्वायरचा नव्हे) अॅफिनिटी जॅझचा नेककडचा पिकअप उतरवला तेव्हा पहिल्यांदा अंगावर काटा आला. बिल मात्र बजेटच्या बाहेर जात होतं, कारण तारा, केबल, पेडल हे सगळं वर लागणारच होतं. दुकानातला पोरगा भला होता. तासभर वाजवू दिलं आणि निघताना हळूच म्हणाला, म्हापशात एक अंकल आहेत, पूर्वी बोटीवर वाजवायचे, त्यांच्याकडे विचारा.

अंकलकडे जायला शुक्रवार निवडला ही चूक झाली. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, गाडी लावायला जागा नाही, मिरच्या आणि चोरिसांच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळांमधून वाट काढत त्यांच्या घरी पोचलो. बाल्कांवावर, म्हणजे ओसरीवर, जुना स्क्वायरचा जॅझ ठेवलेला, इंडोनेशियात बनलेला, रंग काखेत घासून गेलेला. तारा काळ्या पडलेल्या. अंकल खुर्चीतून न उठता म्हणाले, "पळय, वाजोवन पळय."

मी रत्नागिरीत शिकलेलं सगळं केलं. नेक सरळ. चावी घातली, नट मऊसूत फिरला. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा वाजवला, बाराव्याच्या वर एके ठिकाणी जराशी खरखर, बाकी साफ. केबल खुपसायचा जॅक हलवला की आवाज जायचा-यायचा, त्यावरून मी घासाघीस सुरू केली. अंकल चौदा म्हणत होते. मी जॅक दाखवला, गंज दाखवला, शेवटी रिकामा होत आलेला खिसाही दाखवला. अकरा हजारांवर सौदा ठरला. निघताना त्यांनी माझा उजवा हात धरून दोन बोटं नेककडून उचलली आणि ब्रिजच्या पिकअपवर नेऊन ठेवली. "हांगा," म्हणाले. इतकी साधी गोष्ट, पण दहा वर्षं मी बोटं नेकच्या टोकाशी, मऊ जागी ठेवून वाजवत आलो होतो.

घरी आणला, लावला, आणि आवाज पुन्हा गोणपाटातलाच.

दोष तारांचा होता हे कळत होतं. बेसच्या तारांच्या वेढ्यांमध्ये घाम आणि मळ बसला की वरचे उपसूर मरतात आणि नुसतं ढब्ब उरतं. पण नव्या सेटला दोनअडीच हजार लागणार म्हणून आधी जुना उपाय केला: तारा उकळणे. गुंडाळी करून टोपात पाणी घेऊन दहा मिनिटं उकळल्या. पाण्यावर जो तवंग आला त्याचं वर्णन करत नाही. आई आत आली, झाकण उचललं आणि म्हणाली, "ह्या काय रांधतंस? शेवयो?" तो टोप आता माझा झाला आहे, त्यात घरात परत काही शिजलेलं नाही. तारा कोरड्या करून चढवल्या आणि चमत्कार झाला. बेस खरोखरच गुरगुरला, आठवडाभर. मग पुन्हा ढब्ब.

(त्यावरून मला वाटतं की चुलतभावाच्या बेसलाही नव्या तारा घातल्या असत्या तर निम्मं काम झालं असतं. बेस त्याला परत केलाय, हे त्याला सांगितलेलं नाही.)

मग रोटोसाउंडचा स्टेनलेस स्टीलचा राउंडवाउंड (गोल तारेच्या वेढ्यांचा) सेट मागवला, चोवीसशेला. या तारा त्यांनी १९६६ मध्ये द हू बँडचा बेसवादक जॉन एंटविसलबरोबर बसून तयार केल्या होत्या, तेव्हा गुरगुर त्यांच्या कुळातच आहे. निकेलच्या तारांपेक्षा आवाज करकरीत असतो, बोटांना खरखरीत लागतात आणि पडदे लवकर झिजवतात. पण आमच्याकडच्या हवेत निकेलच्या तारांना दोन महिन्यांत तांबूस ठिपके येतात, स्टेनलेस तग धरतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने प्रत्येक तार वरून-खालून पुसायची, एवढा नेम मात्र पाळावा लागतो.

तारा चढवल्यावर ब्रिजचा पिकअप स्क्रूने वर घेतला, शेवटचा पडदा दाबल्यावर तारेपासून दोनेक मिलिमीटरवर. आधी हावरटपणाने त्याहून वर घेतला होता, तर जाड तार बेसूर थरथरायला लागली. चुंबक तिला ओढत होतं. जॅक नवा टाकला, आतल्या पोकळीला तांब्याची फॉइल चिकटवली. दोन्हींचे मिळून साडेतीनशे.

आता गुरगुर आली होती, आणि तिच्याबरोबर गुणगुणही, म्हणजे विजेची हम. जॅझ बेसची ही गंमत आहे. दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असले की ते एकमेकांची हम मारतात, पण मधले सूरही थोडे दबतात. नेककडचा जरा उतरवला की गुरगुर उसळून वर येते आणि हम पण येते. माझ्याकडे ती हम अतीच होती. तारांना हात लावला की कमी, सोडला की घरघर. वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला, आत पाहिलं आणि हसायला लागला. तीन पिनांचा सॉकेट होता, तिसऱ्या, अर्थिंगच्या पिनेची वायर आत नुसतीच गुंडाळून ठेवलेली. वडिलांनी घर बांधलं तेव्हापासून ती कुठेच जोडलेली नव्हती. फ्रिज, मिक्सर, पाण्याचा पंप, सगळं इतकी वर्षं देवाच्या भरवशावर. परसात खड्डा खणला, पाइप उतरवला, भोवती कोळसा आणि मीठ घातलं. वायरमन सांगून गेला की जांभ्यात पाणी टिकत नाही, उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या ओतत जा. बेस वाजवायला बसलो तर घरघर बहुतेक गेली होती. बारीकशी हम उरली ती त्या पिकअपच्या जातीची, तिला फॉइलही काही करत नाही. अर्थिंगचा खर्च मी बेसच्या हिशोबात धरलेला नाही. तो घरखर्च.

शेवटी पेडल, म्हणजे आवाज फाटका करणारा पायाखालचा डबा. बेहरिंगरचा बीडीआय २१, सेकंडहँड, दोन हजार. प्लास्टिकचा आहे, जोरात पाय ठेवायची भीती वाटते. त्याला मिडचं बटनच नाही आणि आवाज मुळातच मधे खोलगट आहे, म्हणून मी त्याचे बेस आणि ट्रेबल दोन्ही उतरवून ठेवतो, म्हणजे मध्य आपसूक वर येतो. ड्राइव्ह थोडाच, आणि ब्लेंड अर्ध्यावर, कारण पूर्ण फाटका आवाज केला की बुड निघून जातं. अर्धा साफ, अर्धा फाटका. एकूण पंधरा हजार सातशे पन्नास. बजेटच्या वर साडेसातशे, ते उकळलेल्या टोपाचे समजू.

जूनमध्ये शेड मोकळी झाली. पहिल्याच तालमीला मुसळधार पाऊस. मी अँपचं बेसचं बटन जवळजवळ बंद केलं, मिड तीन चतुर्थांश, बोटं अंकलनी दाखवलेल्या जागी. पत्रे गप्प राहिले. भाच्याने मधेच काठ्या थांबवल्या, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू केलं, आधीपेक्षा जोरात. तो काही बोलला नाही. काका मात्र छत्री घेऊन दारात येऊन उभे राहिले, बराच वेळ बेसकडे बघत. शेवटी म्हणाले, "हेच्या दोन तारा खंय गेल्यो?"

गेल्या आठवड्यापासून जोरात वाजवलं की अँपच्या स्पीकरमधून कागद फाटल्यासारखा आवाज येतोय, आणि तो माझ्या पेडलचा नाही. नव्या अँपसाठी म्हापशाला फोन केला. अंकल म्हणाले, "आसा एक. पूण जड आसा, गाडी घेवन यो." शुक्रवार सोडून जाणार आहे.